एका पुस्तकाची बांधणी: तेच काम, आधी फोटोत आणि मग व्हिडिओत

फोटोग्राफी आणि व्हिडिओच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक काम दिले होते. एखाद्या माणसाचे एकच काम निवडायचे, त्याची पाच-सहा फोटोंची मालिका करायची आणि त्याच कामाचा तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओही करायचा. कॅमेरा तोच, लेन्स तीच, खोली तीच. मी आणि माझ्या वर्गमित्राने पुस्तक बांधणीचे काम निवडले. शिवण सुटलेले ३२० पानांचे एक पुस्तक होते. ते पूर्ण उसवायचे, फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) नव्याने शिवायचे, पाठीला सरस लावायचा, कडा कापायच्या आणि पुठ्ठा चढवायचा, असा सगळा क्रम. बाइंडरकाका कॅमेऱ्याला बुजणारे नव्हते, पण कॅमेऱ्यासाठी थांबणारेही नव्हते. कॅमेरा माझ्याकडे, आवाज वर्गमित्राकडे, आणि संकलन दोघांनी मिळून अशी वाटणी झाली.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की फोटो काढताना शिकलेले जवळपास सगळे व्हिडिओला उपयोगी पडले, पण निर्णयांचा क्रम उलटा झाला. फोटोत त्या एका फ्रेमला जे हवे ते देता येते. व्हिडिओत कुठल्याही शॉटला काही द्यायचे, तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शॉटला ते चालेल का, हे आधी पाहावे लागते. वर्गात हे ऐकलेले होते. या खोलीत ते कुठे कुठे आडवे आले, ते पुढे लिहिते.

खोली आणि उजेड

खोलीला एक मोठी खिडकी होती आणि छताला ट्यूबलाइट. काकांचे टेबल खोलीच्या मधोमध, म्हणजे दोन्हींचा उजेड अंगावर घेणारे. ढगाळ दिवसाचा खिडकीतला उजेड साधारण ६५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) आसपास असतो, आणि त्या ट्यूबचा त्याहून बराच पिवळट. त्यामुळे काकांचा एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा दिसत होता. मधे पांढरे कागद पडलेले, म्हणजे रंगातला फरक लपायला जागाच नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे अशी रंगांची जुळवणी, एका उजेडाला जुळवला की दुसरा बिघडतो. मिश्र उजेडाला एकच बरोबर आकडा नसतो.

फोटोंसाठी यावर सोपा उपाय होता, तो म्हणजे दोन मिनिटे ट्यूब बंद करणे. शिवाय फोटो रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये होते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो, आणि १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असल्याने बरेच काही सावरून घेता येते. आमचा व्हिडिओ ८ बिटचा होता. त्यात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, त्याही आधीच दाबून बसवलेल्या. तिथे नंतर रंग फार ओढायला गेले की त्वचेवर डाग-डाग दिसू लागतात.

पण व्हिडिओसाठी ट्यूब तासनतास बंद ठेवणे शक्य नव्हते, कारण काकांना सुईचे भोक दिसायला हवे. हा मुद्दा तंत्राच्या पुस्तकात कुठे येत नाही. मला वाटते तो यायला हवा, कारण ज्याचे काम आपण टिपतो आहोत त्याचे काम आपल्यामुळे अवघड झाले, तर टिपले जाते ते दुसरेच काही. शेवटी त्यांच्या परवानगीने टेबल खिडकीजवळ सरकवले आणि असे फिरवले की उजेड त्यांच्या डाव्या बाजूने येईल. मग ट्यूबची गरज त्यांनाच उरली नाही. उजव्या बाजूची सावली गडद होत होती. तिथे परावर्तक म्हणून त्यांच्याच कामातला एक पांढरा पुठ्ठा उभा केला.

टेबल सरकवण्याचा एक तोटाही होता. खिडकीच्या अगदी जवळ गेले की उजेड वाढतो, पण तो उतरतोही भरभर. खिडकीकडचा हात लखलखीत आणि पलीकडचा काळवंडलेला, असा फरक टेबलाच्या रुंदीतच पडू लागला. दोन-तीन पावले मागे घेतल्यावर तो सुसह्य झाला. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौपट कमी होतो, हा नियम छोट्या दिव्याला तंतोतंत लागू पडतो. मोठ्या खिडकीला जवळून तो तसा लागू पडत नाही, पण जवळ उतार तीव्र आणि लांब सौम्य, एवढे त्यातले तत्त्व खरेच आहे.

व्हाइट बॅलन्स कोऱ्या कागदावर मोजून बांधून टाकला. ऑटोवर ठेवला असता तर फ्रेममध्ये पांढरा फर्मा आला की एक रंग आणि तपकिरी पुठ्ठा आला की दुसरा, असे एकाच शॉटमध्ये झाले असते.

शटर

फोटोंसाठी एक्स्पोजर होते एफ/२.८, १/२०० सेकंद, आयएसओ ८००. हात भराभर चालणारा, म्हणून शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/२००. मागे रचलेली रद्दी आणि डबे विरघळून जावेत म्हणून लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे उघडे, एफ/२.८ (आकडा लहान तितके छिद्र मोठे). आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता, उरलेल्या गरजेपुरता. फोटोत शटर ही माझी निवड होती. दोरा ताणताना हात पुसट दिसावा असे वाटले तर १/१५ वर जायला कोणाची हरकत नव्हती.

व्हिडिओत ही निवड जवळपास काढून घेतली जाते. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम घेत होतो, त्यामुळे शटर १/५०. फिल्मच्या कॅमेऱ्यात लेन्समागे फिरणारी तबकडी असायची. तिचा अर्धा भाग, म्हणजे १८० अंश, उघडा असेल तर प्रत्येक फ्रेमला तिच्या वाट्याच्या वेळातला अर्धा वेळ उजेड मिळतो. २४ फ्रेमला १/४८ आणि २५ फ्रेमला १/५० सेकंद. त्या अर्ध्या वेळात हललेली वस्तू थोडी पुसट उमटते आणि तीच पुसटता पुढच्या फ्रेमला जोडून घेते. १/२०० वर घेतलेला व्हिडिओ आम्ही मुद्दाम करून पाहिला. प्रत्येक फ्रेम थांबवून पाहिली तर सुरेख, धारदार. चालवली की काकांचा हात टप्प्याटप्प्याने उड्या मारत पुढे जातो. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याच्या हालचाली टिपल्या, तेव्हा त्याला गोठलेला क्षणच हवा होता. चारही पाय एका वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा प्रश्न तसल्या शटरनेच सुटतो. आम्हाला मात्र हात चालताना दिसायला हवा होता.

१/५० चे आणखी एक कारण विजेचे. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे, तिथे जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/५० सेकंदात बरोबर दोन ठोके येतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. भलत्या शटरवर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ६० हर्ट्झच्या प्रदेशात हेच गणित १/६० चे होते. आमची ट्यूब बंद झाली होती तरी संध्याकाळी ती लागणार हे उघड होते.

आता गंमत अशी की १/२०० वरून १/५० वर आले की चौपट उजेड येतो, म्हणजे दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो कुठेतरी खर्च करावा लागतो. पर्याय तीन. आयएसओ ८०० वरून २०० वर आणणे, अ‍ॅपर्चर एफ/२.८ वरून एफ/५.६ करणे, किंवा लेन्सवर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावणे. पहिला पर्याय सगळ्यात स्वच्छ वाटतो, नॉइज (चित्रातले रवाळ ठिपके) कमी म्हणून. आम्ही दुसरा घेतला, आणि त्यामागे फोकसचे कारण होते.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, विषय एक मीटरवर आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेसहा-सात सेंटीमीटर खोल असतो. फोटोला तेवढा पुरतो, कारण सुईच्या टोकावर फोकस आला की शटर दाबले, संपले. पण शिवणाऱ्याचा हात दोरा ओढताना कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे येतो आणि परत जातो. साडेसहा सेंटीमीटरच्या पट्ट्यातून तो सतत बाहेर पडणार. ऑटोफोकस त्याच्या मागे धावतो, मधेच पुठ्ठ्याची कड पकडतो, पुन्हा हाताकडे येतो, आणि हे सगळे शोधणे शॉटमध्ये उमटते. एफ/५.६ वर पट्टा दुप्पट झाला, साधारण १३ सेंटीमीटर. फोकस हाताने शिवणीच्या रेषेवर बांधून ठेवला आणि हाताला त्या पट्ट्यात ये-जा करू दिली.

याची किंमत म्हणजे मागची रद्दी दिसू लागली. फोटोत एफ/२.८ ने जे झाकले होते ते एफ/५.६ ने उघडे केले. कॅमेरा थोडा उंच घेऊन खाली टेबलाकडे वळवला, तेव्हा मागे टेबलच आले. काकांनी कामाबद्दल दोन वाक्ये सांगितली, त्या शॉटला मात्र एनडी लावून पुन्हा एफ/२.८ वर आले. तिथे ते बसलेले होते, फोकस हलण्याचा धोका कमी.

फोटोंची मालिका

याबद्दल थोडक्यात. मालिकेतला सगळ्यांना आवडलेला फोटो म्हणजे सुईचे टोक घडीतून नुकतेच बाहेर आले आहे, दोरा अजून आत आहे आणि अंगठा वाट पाहत थबकलेला आहे. तो मिळाला कारण काकांची लय चार-दोन टाक्यांत कळते. टोक कुठून निघणार ते माहीत असल्याने तिथे आधीच फोकस करून थांबता आले. बाकीच्या फोटोंपैकी दोन उभे होते. व्हिडिओच्या आडव्या १६:९ चौकटीत उभा फोटो बसत नाही, आणि आडवा ३:२ फोटोही पूर्ण बसत नाही. रुंदी कायम ठेवली तर उंचीचा सुमारे १६ टक्के भाग कापला जातो. हे तेव्हा क्षुल्लक वाटले. पुढे त्यावरूनच आमचा वाद झाला.

फर्म्यांचा ढीग

सोळा पानांचा एक, असे वीस फर्मे. प्रत्येक फर्मा आधीच्यावर ठेवायचा, घडीतून सुई आत-बाहेर घालत शिवायचा, टोकाला खालच्या फर्म्याला गाठ मारायची, पुढचा उचलायचा. एकच कॅमेरा असलेल्याला याहून सोयीचे काम नाही. काकांना 'पुन्हा करून दाखवा' म्हणावे लागत नाही, तेच काम थोड्या वेळाने पुन्हा होणारच असते. एका फर्म्याला लांबून पूर्ण दृश्य, पुढच्याला हातांचा क्लोज-अप, त्यापुढच्याला चेहरा, असे घेत गेले आणि नंतर ते एकाच फर्म्याचे म्हणून जोडता येईल अशी आखणी केली.

आखणी अर्धी खरी ठरली. हालचाल तीच असली तरी ढिगाची उंची दर फर्म्याला वाढत जाते. लांबच्या शॉटमध्ये पाच फर्मे आणि लगेच पुढच्या क्लोज-अपमध्ये बारा, असे झाले की प्रेक्षकाला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते. शिवलेला ढीग हे या व्हिडिओतले घड्याळ होते आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये होते. म्हणून एका टप्प्याचे सगळे शॉट लगोलगच्या फर्म्यांवर घ्यायचे, मधे मोठी फट पडू द्यायची नाही, असे ठरवले. ढिगाची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात लांबचा, मधला आणि जवळचा शॉट.

जागा बदलतानाही दोन बंधने पाळली. काका आणि टेबल यांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला राहायचे, नाहीतर एका शॉटमध्ये सुई डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढच्यात उलटी. आणि एकाच विषयाचे दोन शॉट जोडायचे असतील तर कोनात किमान ३० अंशांचा फरक ठेवायचा, किंवा आकार ठळकपणे बदलायचा. कॅमेरा जरासाच सरकवून घेतलेले दोन शॉट जोडले की कट म्हणून न दिसता धक्का म्हणून दिसतात. फोटो काढणाऱ्याला ही सवय नसते. तो चांगल्या कोनाच्या आसपासच घुटमळत राहतो, कारण त्याला त्या घुटमळण्यातून एकच निवडायचा असतो.

हात फ्रेममध्ये येण्याआधीपासून ते बाहेर गेल्यानंतरपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवणे, ही गोष्ट सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी. रिकामे टेबल काही सेकंद टिपायचे, मग हात येतो, फर्मा ठेवतो, जातो, पुन्हा रिकामे टेबल. संकलनात ही रिकामी टोके हाताशी असली की कट कुठेही करता येतो.

ढग

शिवण मध्यावर आली तेव्हा ढग सरकला आणि खिडकीतून ऊन आले. एक्स्पोजर दोन स्टॉपने चढले. त्या वेळी चालू असलेला शॉट मी थांबवला नाही आणि सेटिंग बदलले नाही. खोली उजळली, कागद जरा जास्तच उजळले, पण ती खऱ्या खोलीतल्यासारखीच उजळली. आयएसओ ऑटोवर असता तर कॅमेऱ्याने हळूहळू सगळे खाली आणले असते. मग पुठ्ठ्यावर ऊन आणि मागची भिंत मात्र अंधारत चाललेली, असे विचित्र श्वास घेणारे चित्र मिळाले असते.

यातून एक निरीक्षण हाती लागले. शॉटच्या आत उजेड बदलला तर डोळा ते मान्य करतो, कारण बदल होताना त्याने पाहिलेला असतो. तेवढाच बदल दोन शॉटच्या मधे, कटवर झाला तर मान्य करत नाही. म्हणून ऊन आल्यावर मी आयएसओ २०० वर आणला, आणि त्या टप्प्याचे उरलेले शॉट उन्हातच पुरे केले. ढगाळ उजेडातला लांबचा शॉट आणि उन्हातला क्लोज-अप रंग कितीही जुळवले तरी जुळत नाहीत. उन्हातली सावली कडक असते, ढगाळ उजेडातली मऊ. रंगसंस्कारात, म्हणजे संकलनात रंग जुळवताना, रंग बदलतो, सावलीची कड नाही.

आवाज

आवाजाचे श्रेय वर्गमित्राचे. छताचा पंखा बंद, कॅमेऱ्यातला माइक फक्त नंतर चित्र आणि आवाज जुळवण्यापुरता, आणि टेबलाखाली वेगळा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झवर. पातळी हाताने बांधली होती, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही रेकॉर्डरची कमाल मर्यादा) आसपास राहील अशी. कारण पुस्तकाची पाठ गोल करताना काका हातोडीने ठोकत होते. ऑटो पातळी असती तर प्रत्येक ठोक्याला रेकॉर्डर दचकून आवाज खाली आणतो आणि मग शांततेत खोलीची घरघर वर चढत येते. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाजही घेतला.

त्या अर्ध्या मिनिटाचा आणि दोरा कागदातून सरकण्याच्या आवाजाचा उपयोग मला संकलनात कळला. दोन शॉटमधला उजेडाचा थोडासा फरक, खाली तोच दोऱ्याचा आवाज अखंड चालू ठेवला तर सहज खपतो. चित्र कापायचे पण आवाज अर्धा सेकंद आधी किंवा नंतर कापायचा, एवढ्यानेही पुष्कळ कट बुजतात. मोठा फरक मात्र असा बुजत नाही. तिथे टप्पा बदलला आहे असे सरळ दाखवणेच बरे. आम्ही ढिगाच्या तीन टप्प्यांमध्ये तसेच केले. ढगाळ ते ऊन ते संध्याकाळची ट्यूब, या क्रमात कुठेच मागे-पुढे केले नाही. संकलनात वेळ उलटापालटा करण्याचे स्वातंत्र्य असते, पण इथे ढीग आणि उजेड दोन्ही क्रमाने वाढत-बदलत होते, तेव्हा ते स्वातंत्र्य न घेणेच सोपे पडले.

न घेतलेला शॉट

कडा कापण्याचा शॉट सेकंदाला १०० फ्रेमने घेऊन सावकाश दाखवावा, असे माझ्या मनात होते. १०० फ्रेमला शटर १/२०० लागतो, म्हणजे दोन स्टॉप कमी उजेड. तोवर संध्याकाळ झाली होती, खिडकी निम्मी विझली होती आणि ट्यूब लागली होती. ट्यूब आणि १/२०० यांचे जमत नाही, चित्रात उजळ-गडद पट्टे पडतात. १/१०० वर घेतले तर प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण ठोका मिळून पट्टे जातात, पण पुसटता दुप्पट होते. मग २५ फ्रेम, १/५०, आयएसओ १६०० अशा साध्या मार्गाने घेतला. पाते पानांच्या थरातून जातानाचा करकर आवाज सावकाश शॉटमध्ये तसाही मिळाला नसता.

वाद

पाहणीत मॅडमनी एक गोष्ट दाखवली. सुईचे टोक बाहेर येण्याचा तोच क्षण व्हिडिओतही होता, जवळून घेतलेला. पण २५ फ्रेमच्या वेगाने तो चार-पाच फ्रेममध्ये येतो आणि जातो, वर्गातल्या कोणालाही तो दिसला नव्हता. व्हिडिओत लक्ष वेधले होते भलत्याच शॉटने. सरस लावून झाल्यावर काका दोन्ही पंजे पुस्तकावर दाबून नुसते उभे आहेत, नऊ-दहा सेकंद. त्याच उभे राहण्याचा फोटोही मी काढला होता आणि निवडीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला होता. फोटोत ते फक्त उभे असलेले दिसतात. किती वेळ, हे दिसत नाही.

वर्गमित्राचे म्हणणे, मग सुईचा फोटोच व्हिडिओत घालू, तीन सेकंद, खाली दोऱ्याचा आवाज. माझा विरोध दोन कारणांनी. वरखालून १६ टक्के कापला की अंगठ्याचे टोक चौकटीला चिकटते. आणि १/५० च्या हलत्या चित्रांमध्ये १/२०० चा गोठलेला फोटो आला की पाहणारा काम सोडून फोटोकडे पाहू लागतो. त्याचे उत्तर असे की नेमके तेच त्याला हवे आहे. मॅडमनी निवाडा दिला नाही, दोन आवृत्त्या सादर करायला सांगितल्या. काकांना दोन्ही दाखवल्या. त्यांनी फोटोच्या जागी थांबवायला सांगितले, जवळ येऊन पाहिले आणि म्हणाले, हा टाका जरा सैल पडलाय.